दूरचा डॉक्टर आणि हातातले घड्याळ

कोणतीही नवी सोय तपासताना दोन प्रश्न वेगवेगळे विचारावे लागतात. ती सोय चालते का, हा पहिला. ज्याच्यासाठी ती काढली त्याची नेमकी अडचण तिच्यामुळे दूर होते का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर 'हो' आले की आपण समाधान पावतो आणि दुसरा प्रश्न विचारायचा राहून जातो. ऑनलाइन वैद्यकीय सल्ल्याच्या बाबतीत असेच काहीसे झाले आहे, असे आम्हांला वाटते.

हा सल्ला चालतो, यात शंका नाही. आडगावच्या रुग्णाला शहरातल्या तज्ज्ञाशी बोलता येते, एसटीचे भाडे आणि बुडणारी मजुरी वाचते, जुन्या दुखण्याची औषधे पुढे चालू ठेवता येतात. पण सगळ्या गरजांना एकच माप लावून चालत नाही. म्हणून या लेखात आम्ही एकच औषध घेतले आहे आणि त्या औषधापुरती ही सोय तपासून पाहिली आहे. ते औषध म्हणजे आपत्कालीन गर्भनिरोधक गोळी.

विषय नाजूक आहे, असे म्हणून तो बाजूला सारण्याची आपल्याकडे रीत आहे. परंतु अकरावी-बारावीला शिकवणाऱ्या शिक्षकांना हे प्रश्न येतात. बहुधा ते वर्गात येत नाहीत, वर्ग सुटल्यावर येतात, आणि 'माझ्या एका मैत्रिणीला विचारायचं होतं' अशा शब्दांत येतात. त्या वेळी द्यायचे उत्तर आपल्याजवळ तयार असावे, एवढ्यासाठी हा खटाटोप.

मार्गदर्शिका काय म्हणते?

भारतात डॉक्टरांनी दुरून सल्ला कसा द्यावा, याचे नियम २५ मार्च २०२० रोजी प्रसिद्ध झाले. देशभर टाळेबंदी सुरू झाली तोच हा दिवस. त्यापूर्वी फोनवर औषध सांगणे कायद्यात बसते की नाही याबद्दल डॉक्टरांच्याच मनात संभ्रम होता. टेलिमेडिसिन मार्गदर्शिकेने तो दूर केला, हे तिचे मोठे श्रेय आहे आणि ते आधीच मान्य केलेले बरे.

मार्गदर्शिकेने औषधांच्या याद्या केल्या आहेत. चिठ्ठीविना मिळणारी साधी औषधे 'ओ' यादीत येतात. फोन, चित्रफोन किंवा लेखी संदेश यांपैकी कोणत्याही मार्गाने ती सांगता येतात. 'ए' यादीतील औषधांसाठी पहिल्या भेटीत डॉक्टरने रुग्णाला पडद्यावर पाहणे आवश्यक आहे. 'बी' यादी पुन्हा सल्ला घेणाऱ्या जुन्या रुग्णांसाठी आहे. अमली पदार्थांसारखी काही औषधे दुरून लिहून देण्यास पूर्ण बंदी आहे. ही वर्गवारी विचारपूर्वक केलेली आहे. यंत्राने, म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेने, परस्पर सल्ला देऊ नये किंवा औषध लिहू नये, असेही तीत स्पष्ट म्हटले आहे.

आता आपली गोळी या चौकटीत कोठे बसते? लेव्होनोर्जेस्ट्रेल हे तिच्यातील संप्रेरकाचे नाव. मात्रा दीड मिलिग्रॅम, एकच गोळी. भारतात हे औषध आपत्कालीन वापरासाठी २००५ पासून डॉक्टरच्या चिठ्ठीविना विकता येते. म्हणजे तत्त्वतः ते 'ओ' यादीच्या जातीचे. मग अडचण कोणती? ती समजण्यासाठी गोळी शरीरात काय करते हे आधी पाहावे लागेल.

गोळी करते काय?

बीजांड अंडाशयातून बाहेर पडले की ते साधारण एक दिवसच फलनक्षम राहते. शुक्रजंतू मात्र स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत तग धरू शकतात. म्हणून संबंध आणि गर्भधारणा यांत काही दिवसांचे अंतर पडू शकते. गोळीला वाव मिळतो तो या अंतरातच.

बीजांड बाहेर पडण्याच्या सुमारे ३६ तास आधी पीयूष ग्रंथीतून पीतपिंडकारी संप्रेरकाची मोठी लाट सुरू होते. बीजांड सुटण्याचा तो हुकूमच. लेव्होनोर्जेस्ट्रेल वेळेवर पोचले तर ही लाट उठत नाही किंवा लांबते. बीजांड सुटणे पुढे ढकलले जाते आणि वाट पाहणारे शुक्रजंतू तोवर निकामी होतात. लाट एकदा उठली की या गोळीचा उपयोग जवळजवळ संपतो.

फलित बीजांड गर्भाशयात रुजण्यास ही गोळी अडथळा करते, असा समज पुष्कळ वर्षे होता. अमेरिकेतील वेष्टनावरच्या मजकुरातही तशी शक्यता नोंदवलेली असे. पुढे जमलेल्या पुराव्याने तिला आधार दिला नाही आणि डिसेंबर २०२२ मध्ये तेथील अन्न व औषध प्रशासनाने तो मजकूर बदलला. ही गर्भपाताची गोळी नव्हे. गर्भ आधीच राहिला असेल तर ती त्याला धक्का लावत नाही. गर्भपाताची औषधे वेगळी, त्यांचा कायदा वेगळा. दुकानदारापासून शिक्षकापर्यंत अनेकांचा येथे गोंधळ होतो.

७२ तासांचा अर्थ

'७२ तासांच्या आत घ्या' हे वाक्य सर्वांना पाठ असते. पण ते वाचून मनात काय उमटते? परीक्षेचा फॉर्म भरायची शेवटची तारीख असावी तसे. तारखेच्या आत केव्हाही भरला तरी फॉर्म तोच. गोळीचे तसे नाही.

फळ्यावर एक उदाहरण मांडून पाहा. गुरुवारी रात्री दहा वाजता संबंध आला आणि बीजांड रविवारी सकाळी आठला सुटायचे आहे, असे धरा. ३६ तास मागे मोजले की संप्रेरकाची लाट शुक्रवारी रात्री आठला सुरू होणार. शुक्रवारी सकाळी दहा वाजता गोळी घेतली, म्हणजे बारा तासांनी, तर लाट अडण्याची चांगली आशा आहे. तीच गोळी शनिवारी दुपारी चारला घेतली तर केवळ ४२ तास झालेले असतात. ७२ तासांची अट व्यवस्थित पाळली गेली आहे. पण लाट येऊन वीस तास लोटले आहेत, आणि शुक्रजंतू मंगळवारपर्यंत जगू शकतात.

बीजांड कोणत्या दिवशी सुटणार हे त्या मुलीला किंवा बाईला माहीत नसते. पाळी नियमित असली तरी खात्री देता येत नाही. म्हणून 'शक्य तितक्या लवकर' हाच खरा नियम. ७२ ही त्याची बाहेरची कड आहे.

या बाबतीतले प्रसिद्ध आकडेही नीट वाचायला हवेत. जागतिक आरोग्य संघटनेने अनेक देशांत केलेली चाचणी १९९८ मध्ये 'लॅन्सेट' नियतकालिकात प्रसिद्ध झाली. या गोळीच्या गटातील ९७६ स्त्रियांपैकी ११ जणींना गर्भ राहिला, म्हणजे १.१ टक्के. पहिल्या २४ तासांत औषध घेतलेल्यांत हे प्रमाण ०.४ टक्के होते, दुसऱ्या दिवशी १.२ आणि तिसऱ्या दिवशी २.७. आता '१.१ टक्के अपयश' म्हणजे '९८.९ टक्के यश' असे कोणी म्हटले तर? विद्यार्थ्यांना येथे थांबवून विचारावे, की गोळी घेतलीच नसती तर सगळ्या ९७६ जणींना गर्भ राहिला असता का? नसता. चक्रातील दिवस पाहून संशोधकांनी बांधलेला अंदाज सुमारे ७५ जणींचा होता. त्या पंचाहत्तरांपैकी अकरा उरल्या, म्हणजे यश सुमारे ८५ टक्के. पहिल्या दिवशी ९५, तिसऱ्या दिवशी ५८. एकूण प्रसंग अकराच असल्याने दिवसवार आकड्यांवर फार भार टाकू नये. अनेक चाचण्या एकत्र करून पुढे केलेल्या हिशेबात घसरण इतकी तीव्र दिसली नाही. तरी उशिराचा फायदा कोणत्याच हिशेबात नाही.

डॉक्टर जवळ आला, गोळी कोठे आहे?

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येऊ. ऑनलाइन सल्ल्याने डॉक्टरचे अंतर शून्यावर आणले. गोळीचे अंतर मात्र तेवढेच राहिले. पुण्या-मुंबईच्या काही भागांत औषध तासाभरात दारात येते हे खरे. तालुक्याच्या गावी तेच पार्सल दोन-तीन दिवसांनी येते. वरच्या उदाहरणातील शनिवार दुपार तेथे सहज उजाडते. मागणी नोंदवली, पैसे भरले, 'पार्सल निघाले' असा संदेश आला, की काम झाले असे वाटते. या खोट्या दिलाशापायी जवळच्या दुकानात जायचे राहून गेले तर सोयीनेच घात केला म्हणायचा.

मार्गदर्शिकेत या घड्याळाचा विचार नाही. डॉक्टरने नोंद काय ठेवावी, ओळख कशी पटवावी, संमती कशी समजावी हे तीत बारकाईने आहे. औषध वेळेत न पोचल्यास ते लिहून देण्यात अर्थ नाही अशी काही औषधे असतात, त्यांच्याबाबत डॉक्टरने 'तुमच्या जवळ ते कोठे मिळेल?' हा प्रश्न विचारलाच पाहिजे, असे मात्र तीत कोठे म्हटलेले नाही. 'आपत्कालीन' या शब्दानेही घोटाळा होतो. मार्गदर्शिकेच्या भाषेत आपत्कालीन रुग्ण म्हणजे जिवावर बेतलेला. त्याला दुरून प्रथमोपचार सांगून लवकर दवाखान्यात पाठवायचे. आपल्या गोळीची निकड जीव वाचवण्याची नसून वेळ गाठण्याची आहे, आणि तिच्यासाठी मार्गदर्शिकेत खणच नाही.

परदेशातील अनुभवाशी तुलना करताना येथे जपावे लागते. अमेरिकेत युलिप्रिस्टल नावाची दुसरी गोळी २०१० मध्ये आली. संप्रेरकाची लाट चढू लागल्यावरही तिचा काही काळ उपयोग होतो आणि पाच दिवसांपर्यंत ती देतात. पण तेथे तिला चिठ्ठी लागते. अशा ठिकाणी ऑनलाइन डॉक्टर खरोखर एक भिंत ओलांडून देतो. लेव्होनोर्जेस्ट्रेलभोवतीही तेथे भिंत होती. १९९९ मध्ये चिठ्ठीने, २००६ मध्ये अठरा वर्षांवरील स्त्रियांना चिठ्ठीविना, आणि न्यायालयीन लढाईनंतर २०१३ मध्ये वयाच्या अटीविना, अशी ती टप्प्याटप्प्याने पडली. आपल्याकडे ही भिंत २००५ मध्येच पडली आहे. असे असता चिठ्ठी न लागणाऱ्या गोळीसाठी सल्ल्याचे शुल्क घेऊन डॉक्टर मध्ये उभा करणे म्हणजे उघड्या दाराला कुलूप बसवून किल्ली विकण्यासारखे आहे.

आणि घरपोच गर्भनिरोधके हीही आपल्याकडे नवी कल्पना नाही. केंद्र सरकारने २०११ मध्ये आशा कार्यकर्तींमार्फत ती घरोघर पोचवण्याची योजना काही जिल्ह्यांत सुरू केली आणि पुढच्या वर्षी देशभर वाढवली. आपत्कालीन गोळीची किंमत होती दोन रुपये. आशाताई गावातच राहते. तिच्या पिशवीत गोळी असेल तर ती सर्वांत वेगवान पार्सलाच्याही पुढे पोचेल. ऑनलाइन डॉक्टरने आशाताईचा पत्ता सांगावा, एवढी साधी जोडणी मार्गदर्शिकेने सुचवली असती तर तिचे मोल वाढले असते.

नाव, वय आणि सोबतचा प्रौढ

दुसरी अडचण ओळखीची. दूरसल्ला निनावी असू नये, डॉक्टर व रुग्ण दोघांनी एकमेकांची ओळख जाणावी, असा नियम आहे. रुग्ण अज्ञान असेल तर सोबत प्रौढ व्यक्ती हवी आणि तिचीही ओळख पटवायला हवी. खोकल्याच्या औषधासाठी हे ठीकच आहे. पण घरातील सर्वांचा मिळून एक फोन असतो, तेथे नाव, पत्ता आणि सल्ल्याची नोंद ठेवून ही गोळी मागायला कोण धजेल? आणि अज्ञान मुलीवर घरच्याच प्रौढाने अत्याचार केला असेल तर सोबत बसायला ती कोणाला बोलावणार? हा प्रश्न आम्ही तर्कासाठी काढलेला नाही. अत्याचार करणारा बहुधा ओळखीचाच असतो, हे मुलांबरोबर काम करणारा कोणीही सांगेल.

येथे कायद्याची दुसरी बाजूही विसरता येत नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने अठरा वर्षांखालील व्यक्तीशी लैंगिक संबंध हा गुन्हा आहे आणि तो कळल्यास कळवण्याचे बंधन आहे. हे बंधन संरक्षणासाठी आहे, पण त्याच्या भीतीने मुली दवाखान्यापासून दूर राहतात. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ च्या निकालात या पेचाची दखल घेतली आणि गर्भपातासाठी आलेल्या अज्ञान मुलीची ओळख डॉक्टरने पोलिसांना सांगण्याची सक्ती नाही, असे स्पष्ट केले. गर्भपाताची वेळ येऊच नये म्हणून जी गोळी आहे, तिच्या बाबतीत मार्गदर्शिकेत अशी मोकळीक नाही. ही विसंगती दुरुस्त व्हायला हवी, असे आमचे मत आहे.

अत्याचाराच्या प्रसंगी मात्र गोळीवर थांबू नये आणि ऑनलाइन सल्ल्यावरही थांबू नये. कोणत्याही सरकारी वा खाजगी रुग्णालयाने अशा व्यक्तीला तातडीने विनामूल्य उपचार देणे कायद्याने बंधनकारक आहे, आणि आपत्कालीन गर्भनिरोधन हा त्या उपचारांचा भाग आहे.

दुरून सल्ल्याची परंपरा महाराष्ट्रात जुनी आहे. र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि १९२७ पासून १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवले. वाचक पत्राने प्रश्न विचारत आणि मासिकात उत्तरे मिळत. त्या उत्तरांवरूनच त्यांच्यावर १९३४ मध्ये खटला झाला, आणि त्यांची बाजू डॉ. आंबेडकरांनी मांडली. त्या काळी उत्तर मिळणे हीच अडचण होती. आज उत्तरे भरपूर आहेत. ती वेळेवर आणि न लाजवता मिळत नाहीत, ही आजची अडचण.

मग डॉक्टर नकोच का?

असा अर्थ कोणी काढू नये. काही प्रश्न दुकानदार विचारत नाही आणि ते विचारलेच पाहिजेत. क्षयाची औषधे चालू आहेत का? त्यांतील रिफाम्पिसिनमुळे यकृतातील विकरे वाढतात आणि गोळीतील संप्रेरक लवकर नष्ट होते. फेफऱ्याच्या काही औषधांचेही तसेच. ब्रिटनच्या औषध नियामकाने २०१६ मध्ये अशा वेळी दुप्पट मात्रा किंवा तांबी सुचवली. क्षयरोग आपल्याकडे किती आहे हे पाहता हा प्रश्न आपल्या प्रश्नावलीत पहिल्या पाचांत असायला हवा. गोळीनंतर दोन-तीन तासांत उलटी झाली का? मग पुन्हा गोळी लागते. पाळी आठवड्याहून अधिक लांबली का? मग गर्भचाचणी हवी. गोळीनंतर त्याच चक्रात पुन्हा संबंध आला तर ती संरक्षण देत नाही, गुप्तरोगांपासून तर कधीच देत नाही, हेही कोणीतरी सांगायला हवे.

आणि तांबी. पाच दिवसांच्या आत बसवलेली तांबी हा आपत्कालीन गर्भनिरोधनाचा सर्वांत खात्रीचा उपाय आहे, यश ९९ टक्क्यांहून अधिक. ती पार्सलाने येत नाही, ती बसवायला प्रशिक्षित हात लागतो. उशीर झालेल्या स्त्रीला 'आता इंटरनेटवर वेळ न घालवता अमुक रुग्णालयात जा' असे सांगणारा दूरचा डॉक्टर खरा उपयोगी. गोळी लिहून देणे हे त्याचे सर्वांत कमी मोलाचे काम आहे.

पाठ्यपुस्तकातील एक ओळ

शेवटी आपल्या स्वतःच्या अंगणाविषयी. एनसीईआरटीच्या बारावी जीवशास्त्राच्या पुस्तकात प्रजनन आरोग्याच्या प्रकरणात ७२ तासांचा उल्लेख आहे. आधीच्या प्रकरणात मासिक चक्राचा आलेख आहे, त्यात ती संप्रेरकाची लाटही ठळक काढलेली आहे. पण दोहोंना जोडणारी ओळ नाही. त्यामुळे विद्यार्थी लाट परीक्षेसाठी पाठ करतो, ७२ हा आकडाही पाठ करतो, आणि दोन्ही विसरतो.

ही ओळ शिक्षकाने जोडावी. आलेखाखाली तासांची पट्टी काढा. शुक्रजंतूंचे पाच दिवस एका रंगाने, बीजांडाचा एक दिवस दुसऱ्या रंगाने भरा. मग गोळी कोणत्या ठिकाणी घेतली तर काय होईल, हे मुलांना बोट ठेवून सांगायला लावा. यात कोणाचे खाजगी आयुष्य येत नाही, उपदेश येत नाही, लाजण्यासारखेही काही नाही. तास संपण्यापूर्वी तीन गोष्टी फळ्यावर लिहाव्यात: या गोळीला चिठ्ठी लागत नाही, ती जवळच्या औषधाच्या दुकानात किंवा आशाताईकडे मागावी, आणि पार्सलाची वाट पाहू नये. फळा लगेच पुसू नये. ज्या मुलीला ते उतरवून घ्यायचे आहे तिला थोडा वेळ द्यावा.